गोव्यात वेगळ्या धाटणीचे घर बांधताना वीज कशी वाचवावी

मातीचे घर, बांबूचे घर, जहाजाच्या कंटेनरचे घर, किंवा पूर्वजांचे पडीक घर दुरुस्त करून त्यात राहणे, असे काहीतरी वेगळे करावे ही इच्छा गोव्यात आता अनेकांच्या मनात असते. पेडण्यापासून काणकोणापर्यंत अशी घरे दिसतातही. सिमेंटच्या खोल्यांत कोंडून घ्यायचे नाही आणि विजेचे बिलही आटोक्यात ठेवायचे, असा बहुतेकांचा दुहेरी हेतू असतो. त्यांपैकी पहिला हेतू घराच्या रूपाने साधतो, दुसरा मात्र त्या रूपाने आपोआप साधत नाही. छप्पर किती तापते, भिंतींवर किती ऊन पडते आणि खोल्यांतून वारा किती खेळतो, या तीन गोष्टींवर गोव्यातील घराचा विजेचा खर्च प्रामुख्याने ठरतो. भिंत कशाची आहे हा प्रश्न त्यानंतरचा. म्हणून घराचा प्रकार ठरवण्याआधी या तिन्हींचा विचार करावा आणि यंत्रांची खरेदी सर्वांत शेवटी ठेवावी.

हवामानाचा हिशेब

पणजीत मे महिन्यात दिवसाचे तापमान साधारण ३३ अंशांपर्यंत चढते आणि रात्री ते २६-२७ अंशांच्या खाली फारसे उतरत नाही. दिवस आणि रात्र यांतील फरक जेमतेम सहा-सात अंशांचा, आणि हवेत दमटपणा भरपूर. वेगळ्या घरांची जी छायाचित्रे आपल्याला भुरळ घालतात, ती बहुधा कोरड्या प्रदेशांतील असतात. अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात ताओसच्या परिसरात मायकेल रेनॉल्ड्स यांनी १९७० च्या दशकापासून ‘अर्थशिप’ नावाची घरे बांधली. जुन्या टायरांत माती ठासून भरायची, त्यांची जाडजूड भिंत रचायची आणि दक्षिणेला काचेचा पडदा उभारायचा, अशी ती रचना आहे. तेथे हिवाळा कडाक्याचा असतो आणि उन्हाळ्यातही रात्री गार असतात, त्यामुळे भिंत दिवसा उष्णता साठवते आणि रात्री ती सोडते, हे रहिवाशांच्या सोयीचे ठरते. गोव्यात हीच भिंत दिवसभराचे ऊन पिऊन रात्री झोपण्याच्या वेळी खोलीत उष्णता सोडू लागते, कारण तिला निववण्याइतकी रात्र थंड नसते. जाड भिंत येथेही उपयोगी पडते, पण ती सावलीत असेल तरच.

किनारा आणि अंतर्भाग यांतही फरक करावा. मोरजी-मांद्र्याकडे खारा वारा लोखंड खातो, पण दुपारी समुद्रावरून येणारी झुळूक घर निववते. सत्तरीत पाऊस किनाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, हिवाळ्यातील रात्री चांगल्या गार असतात आणि उन्हाळ्यातील दुपारी वारा पडलेला असतो. मांद्र्याला शोभणारा आराखडा सत्तरीतील वाळपईला तसाच्या तसा नेऊ नये.

सूर्याचा मार्गही समजून घ्यावा. गोवा १५ ते १६ अंश उत्तर अक्षांशांदरम्यान असल्यामुळे मेच्या सुरुवातीस सूर्य माध्यान्ही डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही हा समज येथे चालत नाही. सुदैवाने उत्तर आणि दक्षिण या दोन्ही बाजू साध्या वळचणीने सांभाळता येतात. डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य दक्षिण क्षितिजापासून सुमारे ५१ अंश वर असतो, तेव्हाही अडीच फूट पुढे आलेली वळचण भिंतीवर तीन फुटांपर्यंत सावली पाडते. कठीण बाजू पूर्व आणि पश्चिम या आहेत. तेथे ऊन तिरपे, जवळजवळ आडवे येते आणि वळचणीखालून थेट खोलीत शिरते. म्हणून घराची लांब बाजू पूर्व-पश्चिम दिशेत ठेवावी, म्हणजे तोकड्या भिंती पूर्वेला आणि पश्चिमेला येतील. पश्चिमेस पडवी, न्हाणीघर, जिना किंवा कोठार ठेवावे आणि झोपण्याची खोली तेथे शक्यतो टाळावी. त्या बाजूला आंबा, फणस किंवा भिरंडाचे (कोकमाचे) झाड आधीपासून असेल, तर घराची जागा त्याच्या सावलीचा विचार करून ठरवावी. गोव्यात झाड तोडण्यास १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. पण ते राखण्याचे त्याहून मोठे कारण असे की, तशी सावली नव्या रोपापासून मिळायला निदान दहा-पंधरा वर्षे जातात.

छप्पर

पैसे कमी असतील तर ते प्रथम छपरावर खर्च करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. भिंतीवर ऊन काही तासच पडते, छपरावर मात्र ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडत राहते. उघड्या स्लॅबच्या घरात मे महिन्यात रात्री दहा वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावून पाहावा. सूर्यास्त होऊन तीन तास उलटले तरी छत कोमट लागते आणि पंखा लावला की तीच छताजवळची गरम हवा तो अंथरुणावर ढकलतो. ज्या घरात हा अनुभव येतो त्या घरात वीज कमी खाणारे, कितीही तारांकित वातानुकूलन यंत्र लावले, तरी त्याची निम्मी ताकद छताशी झगडण्यातच जाते.

मंगळुरी कौलांचे उतरते छप्पर गोव्यात टिकले ते केवळ शोभेसाठी नव्हे. कौल पातळ असल्यामुळे संध्याकाळी लवकर निवते, कौलांच्या सांध्यांतून गरम हवा बाहेर पडते आणि वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पडणारा पाऊस उतारावरून वाहून जातो. मात्र नुसती कौले दुपारी खाली उष्णता टाकतात. त्यांच्याखाली लाकडाची तक्तपोशी (फळ्यांचे छत) किंवा निदान बांबूच्या चटईचे आडछत करावे आणि मधल्या पोकळीतील हवा बाहेर पडेल अशी वाट आढ्याजवळ व वळचणीत ठेवावी. या वाटांना बारीक जाळी लावल्याशिवाय राहू नये, कारण वटवाघळे आणि उंदीर त्यांतूनच माळ्यावर शिरतात. कौले मे महिन्यात परतून घ्यावीत. फुटकी बदलावीत आणि सरकलेली सारखी करावीत. गळक्या छपराखालील ओली तक्तपोशी कुजते आणि मग पुढच्या वर्षी घरमालक कंटाळून पत्रे घालतो, असे मी आमच्या भागात पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

स्लॅबच घालायचा असेल तर ‘फिलर स्लॅब’चा विचार करावा. स्लॅबच्या खालच्या थरातील काँक्रीट भार पेलण्यास फारसे उपयोगी पडत नाही, म्हणून तेथे कौले बसवून तेवढे काँक्रीट वाचवायचे, हे तंत्र केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रूढ केले. कौलांच्या जोडीत अडकलेल्या हवेमुळे उष्णताही काहीशी अडते. मात्र सळया कोठून जाणार आणि कौले कोठे बसणार हे संरचना अभियंत्याकडून काढून घ्यावे, ठेकेदाराच्या अंदाजावर सोडू नये. जुना उघडा स्लॅब असेल तर त्यावर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी किंवा ऊन परतवणारा पांढरा लेप द्यावा. याहून चांगला उपाय म्हणजे स्लॅबच्या वर चारही बाजूंनी मोकळे असे दुसरे छप्पर उभारणे. त्यामुळे स्लॅब सावलीत येतो, गळती थांबते आणि पावसाळ्यात कपडे वाळवायला कोरडी, वाऱ्याची जागा मिळते. ओले कपडे खोलीत टांगून दिवसरात्र पंखे चालवणे हा पावसाळ्यातील विजेचा मोठा छुपा खर्च आहे, आणि तो असा सहज टळतो.

घराचा प्रकार निवडताना

कंटेनरचे घर स्वस्त आणि झटपट होते अशी समजूत आहे. वीस फुटी कंटेनरची बाहेरची रुंदी सुमारे २.४४ मीटर आणि उंची २.५९ मीटर असते. उष्णतारोधक थर, आतील आवरण आणि छत वजा केल्यावर पंख्याखालून सुखाने वावरता येईल इतकी उंची राहत नाही, म्हणून सुमारे २.९ मीटर उंचीचा ‘हाय क्यूब’ प्रकार घ्यावा. उन्हात पोलाद लगेच तापते. रात्री छताचा पत्रा गार पडतो आणि खोलीतील दमट हवा त्याच्या आतल्या बाजूस पाणी धरते. उष्णतारोधक थर पत्र्याला घट्ट चिकटलेला नसेल तर हे पाणी थरामागे साचून गंज आणि बुरशी दोन्ही आणते. कंटेनरचे पोलाद गंजरोधक असते हे खरे, परंतु समुद्राच्या खाऱ्या हवेत त्यावरील संरक्षक थर नीट धरत नाही. किनाऱ्यालगत रंगरंगोटी नियमाने करावी लागते. खिडक्या कापताना नालीदार बाजूही भार वाहते हे ध्यानात ठेवून प्रत्येक उघाडीभोवती पोलादी चौकट जोडावी. मूळ प्लायवूडची जमीन कीटकनाशकाने प्रक्रिया केलेली असू शकते, म्हणून ती काढावी किंवा पूर्ण बंदिस्त करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कंटेनरच्या वर, निदान दीड-दोन फूट अंतर सोडून, चारही बाजूंना भरपूर पुढे येणारे स्वतंत्र छप्पर घालावे. हे छप्पर अंदाजपत्रकात नसेल, तर गोव्यात कंटेनर घेऊ नये.

मातीच्या घराबद्दल मला अधिक आशा वाटते. पाच ते आठ टक्के सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटा भट्टीत भाजाव्या लागत नाहीत, त्यामुळे घर उभे राहण्यापूर्वीच इंधन वाचते. पुदुच्चेरीजवळच्या ऑरोविल येथे या तंत्राचे शिक्षण अनेक वर्षे दिले जाते. मातीला गोव्यात खरा धोका असतो तो उडणाऱ्या पाण्याचा. जोते चिऱ्याचे (जांभ्या दगडाचे), निदान दोन फूट उंच घ्यावे, वळचण तीन-चार फूट पुढे आणावी आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर खडीच्या चरात पडेल असे करावे. नैऋत्येकडून झोडपणाऱ्या पावसासाठी विणलेल्या चुडतांचे (माडाच्या झावळ्यांचे) आडोसे पावसाळ्यापुरते टांगण्याची गोव्याची रीत आजही उत्तम आहे. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा कधीही करू नये. तो ओल आत कोंडतो आणि काही वर्षांत खपल्यांनी सुटतो. चुन्याचा किंवा मातीचाच गिलावा करावा.

बांबूसाठी आपल्याकडील माणगा चांगला आहे. पावसाळ्यानंतर, थंडीच्या दिवसांत तोडलेला परिपक्व बांबू बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात मुरवून घ्यावा आणि त्याचे खांब जमिनीत न पुरता दगडी उथळ्यांवर उभारावेत. बांबूच्या विणलेल्या भिंतींतून वारा खेळतो, त्यामुळे पंख्यावर भागते. मात्र अशा घरात वातानुकूलन लावणे म्हणजे अंगण थंड करणे होय.

घुमटाकार घरे दिसायला सुंदर असली तरी त्यांना वळचण नसते, भिंत आणि छप्पर एकच असल्यामुळे सगळाच पृष्ठभाग ऊनपाऊस झेलतो. गोव्यासाठी मी ती सुचवणार नाही.

उरते ते जुने घर. माझ्या मते गोव्यात वीज वाचवणारे सर्वांत मोठे भांडवल हेच आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, बाल्कांव (दारापुढची बसायची ओसरी), मधले राजांगण (घराच्या आतला उघडा चौक), उंच तक्तपोशी आणि शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या हे सगळे याच हवामानासाठी घडलेले आहे. पर्वरीजवळ तोर्डा येथे वास्तुविशारद जेरार्ड दा कुन्हा यांनी उभारलेले ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय, रस्त्यांच्या बेचक्यात बसवलेली त्याची त्रिकोणी इमारत धरून, दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी अवश्य पाहावे. दुरुस्तीत सर्वाधिक नुकसान राजांगणात होते. पाऊस आत येतो म्हणून त्यावर पारदर्शक फायबरचे पत्रे घट्ट बसवले जातात, ऊन आत येत राहते, गरम हवेची वर जाण्याची वाट बंद होते आणि घराचा थंडावा नाहीसा होतो. राजांगण झाकायचेच असेल तर भोवतालच्या छपरापेक्षा दोन-तीन फूट उंच, बाजूंनी उघडे असे कौलारू छत घालावे आणि प्रकाशासाठी त्यात थोडी काचेची कौले बसवावीत. शिंपल्यांची तावदाने तीव्र उजेड सौम्य करतात. ती सुस्थितीत असतील तर काढून त्यांच्या जागी सरकत्या काचा बसवू नयेत, कारण त्या खिडकीचा निम्माच भाग उघडू देतात.

कोणताही प्रकार निवडला तरी पंचायतीचा बांधकाम परवाना, नगरनियोजन खात्याची मान्यता, जमिनीची सनद (बिगरशेती वापराची परवानगी) आणि किनारी नियमन क्षेत्राचे निर्बंध आधी तपासावेत. चाके लावली किंवा पाया घातला नाही, म्हणून परवान्याची गरज नाही असे गृहीत धरू नये.

वारा आणि बंद खोली

प्रत्येक खोलीला समोरासमोरच्या किंवा निदान लगतच्या दोन भिंतींत खिडक्या हव्यात. उन्हाळ्यात दुपारचा समुद्री वारा बहुधा पश्चिम-वायव्येकडून येतो. तो आत घेणारी खिडकी पलंगाच्या उंचीपासून सुरू व्हावी, कारण वारा अंगावरून गेला तरच घाम वाळतो. बाहेर जाणारी उघाडी तितकीच किंवा थोडी मोठी असावी. राहत्या घरात वाऱ्याची परीक्षा सोपी आहे. दुपारी तीनच्या सुमारास पंखे बंद करून पेटलेली अगरबत्ती आधी खिडकीत, मग पलंगाच्या उशापाशी, मग दारात धरावी. धूर सरळ वर गेला तर तेथे वारा पोहोचत नाही. पुष्कळदा एखादे कपाट हलवणे किंवा दारावर झडपांची उघाडी करणे एवढ्यानेच धूर आडवा वाहू लागतो.

येथे एक निर्णय आराखड्याच्या वेळीच घ्यावा लागतो. वाऱ्यासाठी घर उघडे हवे, वातानुकूलनासाठी ते बंद हवे, आणि एकाच खोलीत दोन्ही नीट साधत नाहीत. म्हणून घर वाऱ्यावर ठेवावे आणि फक्त एक झोपण्याची खोली, लहान, बंद छताची आणि घट्ट बसणाऱ्या दारा-खिडक्यांची करावी. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर ती त्यांना द्यावी. २०२० पासून तारांकित वातानुकूलन यंत्रे २४ अंशांवर सुरू होतील अशीच बनवली जातात. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. पंख्याच्या जोडीने २६-२७ अंशांवर बहुतेकांना शांत झोप लागते.

मीटर वाचणे

कोणतेही नवे यंत्र घेण्यापूर्वी घरातील वीज कोठे जाते हे मोजावे. मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुकी हा आकडा छापलेला असतो, उदाहरणार्थ ३२००. रात्री सर्वजण झोपण्यापूर्वी सगळी बटणे बंद करून एक मिनिटभर ती लुकलुक मोजावी. मिनिटात दहा वेळा झाली तर तासाला ६०० होतात, म्हणजे सुमारे १९० वॅट वीज कोणी काही वापरत नसताना चालली आहे. हा भार चोवीस तास राहिला तर दिवसाला साडेचार आणि महिन्याला १३५ युनिटे होतात. मग एकेक प्लग काढत पुन्हा मोजावे. फ्रिज थांबून थांबून चालतो, म्हणून तो चालू आणि बंद असताना वेगळे मोजावे. सेट-टॉप बॉक्स, इन्व्हर्टर, जुना फ्रिज आणि विहिरीच्या पंपाचा अडकलेला स्वयंचलित स्विच हे नेहमीचे गुन्हेगार आहेत.

गोव्यात पंखे जवळजवळ वर्षभर फिरतात, त्यामुळे बदलाची सुरुवात तेथून करावी. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचा) पंखा सुमारे ३०. बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटे वाचतात. गिझरबद्दल जितका धसका घेतला जातो तितका येथे घेण्याचे कारण नाही, कारण आपले नळाचे पाणी मुळातच कोमट असते. पंधरा लिटर पाणी २७ वरून ४५ अंशांवर नेण्यास युनिटचा एक तृतीयांश भाग पुरतो. तो दिवसभर चालू ठेवला तरच खर्च वाढतो. स्वयंपाकघरात उकड्या तांदळाची पेज गॅस खाते. तांदूळ रात्री भिजवावेत, सकाळी दहा मिनिटे खळखळून उकळावेत आणि झाकण न उघडता पातेले काथ्या किंवा जुनी रजई भरलेल्या खोक्यात ठेवून द्यावे. तास-दीड तासात पेज तयार होते.

सौर पॅनल

हे सर्व झाल्यावर पॅनलांचा आकार ठरवावा, कारण तोवर गरज बरीच घटलेली असते. एक किलोवॅटला सुमारे दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला चारेक युनिटे मिळतात. जून ते ऑगस्टमध्ये ती बरीच घटतात. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत दोन किलोवॅटपर्यंत प्रत्येक किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठेवलेले आहे. ग्रिडला (सार्वजनिक वीजजाळ्याला) जोडलेला साधा संच वीज गेल्यावर सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. पावसाळ्यातील खंडितपणासाठी दिवे आणि पंखे चालवायचे असतील तर बॅटरीची सोय असलेला हायब्रिड इन्व्हर्टर आधीच मागून घ्यावा.

पॅनल दक्षिणेकडे सुमारे पंधरा अंश कलते बसवावेत. कौलारू छपरावर सांगाड्याचे आकडे कौलांना नव्हे, वाशांना अडकवावेत. किनाऱ्याजवळ सांगाडा अॅल्युमिनियमचा किंवा उष्ण जस्तलेपन केलेल्या लोखंडाचा हवा. मेअखेरीस गडगडाटी पाऊस येण्यापूर्वी अर्थिंग आणि वीजसंरक्षक तपासून घ्यावेत. माड छपरावर झुकलेला असेल तर पॅनलची जागाच बदलावी. ते जमत नसेल तर पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) वेळेवर बोलावून नारळ आणि सुकी चुडते उतरवून घ्यावीत, आणि पॅनल बसवणाऱ्याने हे पहिल्या पाहणीतच सांगितले नाही तर दुसरा शोधावा.